बाळाबाईचे बावीस फोटो

अठ्ठ्याण्णव साली शिरवळच्या एका कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले आणि जुने होते ते कामगारांना वाटून टाकले. त्यातला एक राजरत्नच्या वाट्याला आला. तो तिथं ड्रॉइंग विभागात होता. आठवडाभर शिरवळलाच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी रहिमतपूरला घरी यायचा. त्या शनिवारी तो ओळखीच्या एका टेम्पोतून आला. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून त्यानं मांडीवर धरला होता. सोबत एक स्कॅनर होता. तो दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून मिळाला.

"ह्यो झेरॉक्सचा डबा कशापायी?" त्याच्या आईनं, बाळाबाईनं विचारलं.

"ह्याच्यावर फोटो पालथा ठेवायचा. तो कॉम्प्युटरात जातो."

"आनि भायेर कवा येतो?"

"बाहेर यायचं कामच नाही, आई. कायमचा आत राहतो. भिजत नाही, कुजत नाही."

ओसरीवर बसलेल्या आण्णांनी, त्याच्या वडलांनी, हे ऐकलं. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे एकापाठोपाठ एक आणून त्यांनी टेबलाखाली ठेवले.

त्या डब्यांत साडेसहाशे फोटो होते. सगळे आण्णांनी काढलेले. आण्णा रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. बासष्ट साली त्यांचं लग्न झालं तेव्हा गावातल्या फोटोवाल्यानं 'वस्तीत लाईट नाही, फोटो निघायचे नाहीत' असं सांगितलं आणि तो आला नाही. लग्न भर दुपारी, बाराच्या उन्हात लागलं होतं. आण्णा त्यावर कुणाशी भांडले नाहीत. दोन वर्षांनी स्टेशनमास्तर बदलून निघाले, तेव्हा त्यांच्याकडचा जुना डबा कॅमेरा आण्णांनी मागून घेतला. तेव्हापासून वस्तीतलं एकही लग्न, एकही बारसं, एकही जयंतीची मिरवणूक फोटोशिवाय गेली नाही. रोल गार्डाच्या हातानं मिरजेला धुवायला जायचा. एक प्रत त्या घरी, एक आण्णांकडं. लोकांकडच्या प्रती पुढं गळक्या छपरांखाली, वाळवीत, पुण्या-मुंबईला बिऱ्हाडं हलताना गेल्या. राहिल्या त्या ह्या डब्यांतल्या. त्यांच्यावरही आता बुरशीचे पांढरे ठिपके धरायला लागले होते, काही तर एकमेकांना चिकटून बसले होते.

राजरत्नच्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. त्याची बायको आम्रपाली साताऱ्याची, तिथं तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. नवरा आठवडाभर परगावी आणि घरात सासूसासरे. सासूशी तिचं चांगलं जमलं होतं. सासऱ्यांशी मात्र बोलणंच होत नव्हतं. आण्णा मुळात अबोल. त्यात सून आल्यापासून ते घरात शिरताना आधी खाकरायचे, आणि पाणी हवं असलं तरी बाळाबाईकडं बघून मागायचे.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्रपालीनं पहिला डबा उघडला. फोटो तळहाताहून लहान, चौकोनी, काळेपांढरे, कडांना पिवळे पडलेले. चेहरे नीट दिसावेत म्हणून तिनं स्कॅनरचं मोजमाप वाढवून ठेवलं. पहिला फोटो पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरायला लागला. आधी फेटा, मग कपाळ, मग मिशा.

"मामा, हे कोण?" तिनं विचारलं.

आण्णा दारात उभे होते. ते खाकरायचं विसरून आत आले.

"केरबा," ते म्हणाले. "केरबा गँगमन. लय जोरकस माणूस. एकट्यानं रूळ उचलायचा एका बाजूनं." मग पडद्याकडं बोट करून, "पंचाहत्तर साली ग्येला. ह्यो त्याच्या लग्नातला फोटू हाय."

त्या दिवशी सहा फोटो झाले आणि आण्णा सहा महिन्यांत बोलले नसतील एवढं बोलले.

अडचण आली ती नावांची. कॉम्प्युटरला फोटोचं नाव इंग्रजी अक्षरांतच द्यावं लागत होतं आणि आम्रपाली नावं लिहायला लागली की ती लांबच लांब व्हायची. आण्णांना इंग्रजी वाचता येत नसेल असं तिला वाटलं होतं.

"स्टेशनावानी लिव की," आण्णा म्हणाले. "एमआरजे म्हंजे मिरज. केआरडी म्हंजे कराड. आपलं आरएमपी. तीन अक्षरांत आक्खं गाव बसतं, मग माणूस बसाया काय झालं?"

तीस वर्षं पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवून आण्णांना ही अक्षरं पाठ होती. त्यांनी शंभर पानी वही आणली आणि माणसांना अक्षरं वाटून दिली. केरबा केआरबी झाला. कोंडीबा केडीबी. बाळाबाईला बीएलबी मिळालं. पुढं फोटोचं साल आणि आकडा. बाकी बायकांच्या बाबतीत मात्र वही आखूडच होती. तिथं 'केरबाची मंडळी', 'अर्जुनाची सून' एवढंच लिहिलेलं असायचं आणि अक्षरं नवऱ्याची नाहीतर सासऱ्याचीच लागायची.

हळूहळू आण्णा माऊस धरायला शिकले. त्यांचा हात पॉइंटचा लोखंडी दांडा ओढायला सरावलेला, त्यामुळं पहिले काही दिवस माऊस टेबलावरून खालीच जायचा. पण महिन्याभरात त्यांना फाईल उघडणं, मिटणं, नको असलेली काढून टाकणं, सगळं जमायला लागलं. वस्तीत बातमी पसरली. दुपारी कुणी ना कुणी यायचं, "जय भीम आण्णा, आमच्या म्हातारीचा हाय का फोटू?" म्हणायचं, आणि आण्णा बीएलबी, केआरबी करत फाईल शोधून उघडायचे.

फेब्रुवारीत एकशे वीस फोटो झाले आणि कॉम्प्युटरनं सांगितलं की जागा संपली.

त्या रविवारी राजरत्न घरी होता. त्यानं आकडे बघितले आणि डोक्याला हात लावला. "आण्णा, ह्याची हार्ड डिस्क लहान आहे. जुनं यंत्र ते. आणि मला मार्चमध्ये कारखान्यातली परीक्षा द्यायची आहे. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर घालून घरी सराव करावा लागेल. शंभर एमबी तरी मोकळी झाली पाहिजे."

"शंभर म्हंजे किती फोटू?" आण्णांनी विचारलं.

"एक फोटो पाच एमबीचा. वीस-बावीस काढावे लागतील."

"कुनाचं काढायचं?"

राजरत्न पिशवी भरायला लागला. "तुम्हीच ठरवा," एवढं म्हणून तो संध्याकाळच्या एसटीनं शिरवळला गेला.

त्या आठवड्यात आम्रपाली दोन दिवस साताऱ्याला माहेरी गेली होती. ती परत आली तेव्हा आण्णा ओसरीवर बसले होते. "झालं काम," ते म्हणाले. "राजाला म्हणावं, जागा केली." कुणाचे फोटो काढले ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिलाही विचारायचा धीर झाला नाही.

शनिवारी राजरत्न सॉफ्टवेअरची सीडी घेऊन आला. रविवारी सकाळी चहा पिऊन त्यानं ती घातली. पाच मिनिटांत पडद्यावर तोच निरोप आला. पुरेशी जागा नाही.

"आण्णा, तुम्ही काढले म्हणालात ना?"

"काढलं की. बावीस. मोजून काढलं." आण्णा उठून टेबलापाशी आले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. "खरंच काढून टाकायचं का म्हणून त्यानं इच्यारलं. मी व्हय म्हणलं. बावीस येळा व्हय म्हणलं."

आम्रपालीच्या लक्षात आलं. "मामा, काढलेली फाईल लगेच जात नाही. आधी ह्या कचऱ्याच्या टोपलीत जाते. तिथनं काढली म्हणजे मग जाते. तोवर जागा तेवढीच अडते." तिनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या टोपलीवर दोनदा टिचकी मारली.

बावीस नावं उघडली. बीएलबी, बीएलबी, बीएलबी. वरपासून खालपर्यंत दुसरं एकही नाव नव्हतं.

बाळाबाई तांदूळ निवडत दारात बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण तिघांची तोंडं दिसत होती.

"काय झालं? कुनाचं फोटू हायत त्यात?"

राजरत्ननं आण्णांकडं बघितलं, मग आईकडं. "तुझे," तो म्हणाला.

बाळाबाईनं सूप खाली ठेवलं. "माजंच?"

"बावीसच्या बावीस."

"बरं केलं," बाळाबाई म्हणाली. "गाडीत गर्दी झाली म्हनून आदी बायकूला उतरिवली."

"तसं न्हाई गं," आण्णा म्हणाले. "ऐक तर. केरबाचा काढू म्हणलं, तर त्याच्या बायकूकडं, बनुबाईकडं, त्याचा दुसरा फोटू न्हाई. ती आठवड्याला येती बघाया. कोंडीबाच्या पोरीनं बाप बघितलाबी न्हाई, तिला ह्योच एक बाप. आता तूच सांग, कुनाचं काढू? तुजं तोंड मला रोज दिसतंय. सकाळी उठलं की दिसतंय. तुला कंप्युटरात ठिवून काय करू?"

"रोज दिसतंय व्हय? ठीक हाय." तिनं सूप उचललं आणि ती चुलीकडं निघून गेली.

त्या दिवशी आण्णांना चहा मिळाला, पण तो आम्रपालीच्या हातानं. "तुज्या मामास्नी म्हनावं, च्या निवतोय," असं सासू आतून ओरडून सांगायची आणि आण्णा तीन पावलांवर बसलेले असायचे. राजरत्ननं हळूच बायकोला सांगितलं की सॉफ्टवेअर राहू दे, परीक्षा पुढच्या वर्षी देतो. आम्रपालीला ते फार लागलं. आपण एवढा कोर्स केला आणि ह्या तिघांपैकी कुणालाच उपयोग नाही, असं तिला वाटलं. संध्याकाळी तो एसटीला निघाला तेव्हा तिनं त्याला एवढंच सांगितलं, "टोपली रिकामी करू नका. एक आठवडा द्या."

सोमवारी दुपारी आण्णा विहाराच्या भिंतीचं काम बघायला गेले, तेव्हा बाळाबाई पदर सावरत टेबलापाशी आली.

"पोरी, दाव बरं मला. काय टाकलं ते तरी बघू."

आम्रपालीनं बावीसही फाईली टोपलीतून परत जागेवर आणल्या आणि एकेक उघडायला सुरुवात केली. चुलीपुढं फुंकणी धरलेली बाळाबाई. स्टेशनच्या हौदावर कळशी घासताना. छोटा राजरत्न कडेवर, त्याच्या नाकाला शेंबूड. वाईच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसलेली. एका फोटोत ती कॅमेऱ्यावर चक्क हात उगारत होती.

"किती काढलेत मामांनी तुमचे!"

"काडतोय कसला!" बाळाबाई म्हणाली. "रोलात बारा फोटू असायचं. लग्नात अकरा व्हायचं आनि एक उरायचा. रोल संपल्याबिगर मिरजंला धाडता येत न्हवता. मग ह्यो घरी यायचा आनि म्हणायचा, जरा हुबी ऱ्हा, रोल संपवायचाय. म्या आपली उरल्यासुरल्यातली."

आम्रपालीनं तीन फोटो शेजारी शेजारी लावले. "आत्या, हे तीन एकाच दिवसाचे आहेत. लुगडं तेच, मागं वाळत घातलेल्या मिरच्या त्याच. एका रोलाला एकच उरतो ना?"

बाळाबाई वाकून बघत राहिली. पहिल्यात ती मिरच्या पसरत होती. दुसऱ्यात मान वळवून कुणाला तरी काही सांगत होती. तिसऱ्यात हसत होती.

"हे पण बघा," आम्रपाली म्हणाली. "हे चार. ह्या रोलात लग्नाचे आठच काढलेत."

"मोजाया येत नसंल त्याला," बाळाबाई म्हणाली. पण पदर तोंडाला लावून म्हणाली. संध्याकाळी चहा तिनं स्वतः नेऊन दिला.

मंगळवारी आम्रपाली पुन्हा साताऱ्याला गेली, आपल्या कोर्सच्या सरांना भेटायला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटो काळेपांढरे आहेत ना? मग रंगीत म्हणून का स्कॅन केलेस? तिप्पट जागा तिथंच गेली. आणि सगळे बीएमपीत ठेवलेस? त्यात एकेका ठिपक्याची वेगळी नोंद राहते. जेपीजीत ठेव, विसावा हिस्साही लागणार नाही." त्यांनी तिला त्यासाठीचा एक छोटा प्रोग्रॅम फ्लॉपीवर घालून दिला.

एसटीत बसल्यावर तिला रडूच आलं. कडांचा पिवळेपणा दिसावा म्हणून तिनं रंगीत ठेवले होते. घरी पोचताच तिनं चपलाही न काढता सांगून टाकलं. "मामा, चूक माझी होती. कुणाचाच फोटो काढून टाकायची गरज नव्हती. मीच जागा उधळली."

आण्णांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. "आगं, नव्या पॉइंटवर पयल्यांदा गाडी घेताना माजाबी डबा रुळावरनं उतरला व्हता. साहेबानं लय झापलं. तू पानी पी आदी."

पाणी पिऊन झाल्यावर दोघं बसले. तिनं अर्जुनाच्या सुनेचा फोटो उघडला आणि जास्तीत जास्त दाबून बघितला. पाच एमबीचा फोटो एवढासा झाला. ती खूश झाली. आण्णांनी पार्सलांवरच्या चिठ्ठ्या वाचायचं आपलं जुनं भिंग काढलं आणि पडद्याला नाक लावलं.

"हिचं गोंदान कुटं ग्येलं?"

तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. त्या जागी आता राखाडी चौकोन दिसत होता.

"फार दाबला मामा. थोडा सैल करते."

दुसऱ्यांदा एक ठिपका आला. तिसऱ्यांदा दोन. चौथ्यांदा तीनही ठिपके उमटले. मधला जरा पुसट होता, पण मूळ फोटोतही तो पुसटच होता. आण्णांनी दोन्ही फोटो शेजारी लावून पाच मिनिटं बघितले. "हां," ते म्हणाले. "आता बाई वळकू येती."

"तिला नाव न्हाई व्हय?" मागून आवाज आला. बाळाबाई उभी होती. "अर्जुनाची सून, अर्जुनाची सून. चांगुणा नाव हाय तिचं. माज्यासंगं शेंगा फोडाया यायची. लिव."

आण्णांनी वही उघडली, 'अर्जुनाची सून' खोडलं आणि चांगुणाला तिची स्वतःची तीन अक्षरं दिली. बाळाबाई तिथंच पाटावर बसली. केरबाची मंडळी म्हणजे बनुबाई. ही जी डोक्यावर पाटी घेतलेली आहे ती कोंडीबाची आई नव्हे, मावशी. वहीला दोन दिवसांत नवी नऊ पानं लागली.

यंत्र जुनं होतं, एकेक फोटो दाबायला दोन-तीन मिनिटं घ्यायचं. आण्णांचा नियम असा की लहान फोटो भिंगातून पास झाल्याशिवाय मोठा पुसायचा नाही. शुक्रवारपर्यंत एकशे वीस फोटो झाले आणि मग आम्रपालीनं आण्णांच्याच हातानं टोपली रिकामी करवली. शनिवारी राजरत्न आला तेव्हा पावणेसहाशे एमबी मोकळी होती. त्यानं आकडा दोनदा वाचला.

"कुणाचे काढले?" त्यानं घाबरतच विचारलं.

"कुनाचं न्हाई," बाळाबाई म्हणाली. "सगळी हायत गाडीत. जरा सरकून बसल्यात."

सॉफ्टवेअर बसलं. राजरत्ननं मार्चमध्ये परीक्षा दिली आणि तो पास झाला. उरलेले सव्वापाचशे फोटो एप्रिल-मे दोन महिन्यांत झाले. सगळे मिळून दीडशे एमबीच्या आसपास भरले. साताऱ्यात एका ठिकाणी सीडी लिहून मिळायची, तिथनं आम्रपालीनं दोन सीडी करून आणल्या. एक घरी ठेवली, एक विहाराच्या कपाटात.

काम संपलं तरी दुपारची बैठक संपली नाही. मे महिन्याच्या शेवटी एकदा आम्रपाली आत भांडी लावत होती आणि बाहेर सासूसासऱ्यांची जुंपली होती. वाईच्या सहलीचा फोटो उघडा होता. घाटाच्या पायरीवर बायकांची रांग, त्यात एकीनं तोंड फिरवून केस बांधायला घेतलेले. पाठ तेवढी दिसत होती.

"ही बनुबाई," आण्णा म्हणत होते.

"बनुबाईची पाट अशी कवा व्हती? ही चांगुणा."

"चांगुणा त्या साली लगीन होऊन आलीबी न्हवती."

"तुमाला काय ठावं, तुमी कॅमेऱ्यात डोळा घालून!"

शेवटी दोघांनी आम्रपालीला हाक मारली आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या बनुबाईला बोलवायला पाठवलं. बनुबाई हात पुसत आली, पडद्यापुढं वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मी बी न्हवं आनि चांगुणाबी न्हवं," ती म्हणाली. "ही माजी धाकटी भन. सहलीला माज्यासंगं आल्याली. पाण्यात उतराया भ्याली म्हनून आमी हसलो, तवा रागानं तोंड फिरवून बसली."

आण्णांनी पेन्सिल उचलली. "नाव काय तिचं?"

"इंदू."

त्यांनी लिहून घेतलं. आम्रपालीनं पाट पुढं सरकवला, बाळाबाई चहाचं आधण ठेवायला उठली आणि बनुबाई पाटावर ऐसपैस बसत म्हणाली, "च्या हू दे सावकाश. आण्णा, तुमी फुडचा दावा."